वर्षाची फी पाच महिन्यांच्या भावात

सकाळच्या पेपरातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडतं. छाती फुगवलेला तरुण, शेजारी लाल गोलात '६० टक्के सवलत', आणि खाली दर: एक महिना २,५०० रुपये, तीन महिने ६,०००, सहा महिने ९,०००, पूर्ण वर्ष फक्त १२,०००. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण मध्यम दर्जाच्या कुठल्याही जिमचं पत्रक पाहा, दरांची उतरण अशीच दिसते.

घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण साठ टक्के? महिन्याला अडीच हजार घेणारा तोच माणूस वर्षभरासाठी महिन्याला हजारावर कसा येतो? यंत्रं तीच, ट्रेनर तेच, एसी तोच. एक तर अडीच हजार हा दर फुगवलेला असेल, नाहीतर हजारात त्याला तोटा होत असेल. पहिली शक्यता थोडीफार खरी आहे. महिन्याचा दर पत्रकावर असतो तो मुख्यतः वर्षाचा दर स्वस्त दिसावा म्हणून. दुसरी शक्यता मात्र साफ खोटी. हजारात त्याला तोटा होत नाही. वर्षाची फी भरणाऱ्याकडून तो पैशांखेरीज आणखी एक गोष्ट घेत असतो: मध्येच सोडून जाण्याचा हक्क. सवलत त्या हक्काची किंमत आहे. ती पुरेशी आहे की नाही, एवढंच आपल्याला ठरवायचं असतं.

जागा साठ, सभासद सातशे

आधी मालकाच्या खुर्चीत बसून पाहू. उपनगरातल्या रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर चार हजार चौरस फुटांचा हॉल. भाडं, यंत्रांचे हप्ते, ट्रेनर आणि सफाई कामगारांचे पगार, विजेचं बिल. यातला जवळपास सगळा खर्च ठरलेला असतो. माणसं चाळीस आली काय किंवा चारशे, भाडं तेवढंच.

समजा, हॉलमध्ये एका वेळी साठ जण नीट व्यायाम करू शकतात. गर्दीच्या वेळा दोन, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते दहा. म्हणजे साडेसहा तास. एक माणूस सव्वा तास थांबतो असं धरलं तर या वेळांत रोज जेमतेम तीनशे जण सामावतात. सगळेच सभासद रोज येणार असतील तर मालकाने तीनशेच्या वर पावती फाडायला नको. महिना हजार रुपयांनी त्याच्या हाती तीन लाख येतील आणि शहरातलं भाडं पाहता त्यात तो बुडेल.

म्हणून तो सातशे सभासद घेतो. निम्म्याहून जास्त लोक रोज येणार नाहीत, हा त्याचा अंदाज असतो आणि तो सहसा चुकत नाही. पैसे भरून न येणारा सभासद त्याला सगळ्यांत परवडतो. त्याला लॉकर लागत नाही, तो बेंच अडवत नाही, तक्रारही करत नाही.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. उलट, आठवड्यातून पाच दिवस येणाऱ्याला हजार रुपयांत एवढी यंत्रं वापरायला मिळतात ती न येणाऱ्यांच्या जोरावर. नियमित सभासदाची फी त्याचा गैरहजर शेजारी भरत असतो. आपण या दोघांपैकी कोण होणार, हे फक्त पावती फाडताना कोणालाच माहीत नसतं, आणि काउंटरवरच्या मुलाचा अंदाज आपल्यापेक्षा बरा असतो. त्याने जानेवारी पाहिलेला असतो आणि मार्चही.

आगाऊ पैशांचा दुसरा फायदा रोकडीचा. बारा हजार आज मिळतात, सेवा वर्षभर द्यायची असते. म्हणजे सभासद जिमला बिनव्याजी उधार देत असतो. कधी हे पैसे नव्या ट्रेडमिलला लागतात, कधी दुसऱ्या शाखेच्या डिपॉझिटला. नवे सभासद येत राहतात तोवर गाडं सुरळीत चालतं. ओघ आटला की जुन्या सभासदांची सेवा शिल्लक राहते आणि तिचे पैसे आधीच खर्च झालेले असतात.

खाडे धरणार की नाही?

पुण्यात खोली घेऊन शिकलेल्या कोणालाही मेसचा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, आणि भिंतीला टांगलेल्या वहीत खाडे. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी काकूंना सांगायचं. काही मेसमध्ये सलग तीन दिवसांच्या वरचेच खाडे धरतात, सुटा एक वेळचा खाडा बुडीत जातो. काही मेस खाडे धरतच नाहीत, पण त्यांचा दर दोन-चारशेने कमी असतो. दोन्हींत स्वस्त कुठली, याचं उत्तर थाळीच्या दरावर नसतं, आपण महिन्यातून किती वेळा गावी जातो त्यावर असतं.

सवलतीची वार्षिक मेंबरशिप म्हणजे खाडे न धरणारी मेस. फरक एकच, पण मोठा. आपण जेवायला नसलो तर काकूंचे तांदूळ वाचतात, म्हणून त्यांना खाडा देणं परवडतं. आपण जिमला गेलो नाही तर मालकाचं काहीच वाचत नाही. त्यामुळे जिमचा खाडा, ज्याला तिथे 'फ्रीझ' म्हणतात, नेहमी नाखुशीने आणि अटींच्या कुंपणातून मिळतो. त्या कुंपणाकडे पुढे येऊच.

आपला अंदाज कुठे घसरतो

आपण किती वेळा जाऊ, याचा अंदाज माणसं किती चुकवतात यावर एक गाजलेला अभ्यास आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासली आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वार्षिक कराराखेरीज या क्लबांत दोन मुख्य पर्याय होते. महिन्याला ७० डॉलरहून थोडी जास्त फी भरा आणि हवं तितकं या, किंवा १०० डॉलरमध्ये दहा भेटींचा पास घ्या. मासिक फीवाले महिन्यातून सरासरी ४.३ वेळा आले. म्हणजे प्रत्येक भेट त्यांना १७ डॉलरच्या वर पडली. पास घेतला असता तर ती १० डॉलरला पडली असती. तुम्ही महिन्यातून किती वेळा जाल असं विचारल्यावर लोकांनी सांगितलेली सरासरी होती साडेनऊ.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. मासिक फी तिकडे कार्डावरून आपोआप कापली जाते आणि बंद करायची तर आपण होऊन कळवावं लागतं. सभासद शेवटचा क्लबमध्ये आला त्या दिवसापासून त्याने मेंबरशिप रद्द करेपर्यंत सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ गेला होता. जिमला जाणं जसं उद्यावर ढकललं जातं, तसंच जिम सोडणंही. वरवर पाहता मासिक करार सोडायला सोपा. तरी वर्ष उलटल्यावर टिकून राहणाऱ्यांत वार्षिक सभासदांपेक्षा मासिक सभासदांचं प्रमाण जास्त निघालं. वार्षिक करार आपोआप संपतो, मासिक संपवावा लागतो. आळस दोन्हीकडे तोच, फक्त एकीकडे तो सुटका करतो आणि दुसरीकडे अडकवतो.

एकदम पैसे भरले की ते वसूल करण्यासाठी तरी आपण जाऊ, हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. तो खरा आहे, पण अल्पायुषी. जॉन गॉरव्हिल आणि दिलीप सोमण यांनी सहामाही फी भरणाऱ्या हेल्थ क्लब सभासदांची हजेरी पाहिली. फी भरल्याच्या महिन्यात ती वर चढे आणि पुढे उतरत जाई, पुढची फी भरेपर्यंत. खिशातून गेलेल्या पैशांची टोचणी हळूहळू बोथट होते. वर्षाची फी जानेवारीत भरली तर ऑगस्टच्या पावसाळी सकाळी अंथरुणातून उठवण्याची ताकद तिच्यात उरत नाही. दर महिन्याला अडीच हजार मोजणाऱ्याला ती दर महिन्याला नव्याने टोचते.

जिमच्या जाहिराती जानेवारीत, पाडव्याला आणि दिवाळीनंतर का येतात, हेही उघड आहे. नवं वर्ष, महिन्याची पहिली तारीख, अगदी सोमवारसुद्धा माणसाला नव्याने सुरुवात करण्याचं बळ देतो. हेंगचेन दाइ, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रिस यांच्या २०१४ च्या अभ्यासात जिमच्या भेटी अशाच दिवसांनंतर वाढलेल्या दिसल्या. उत्साह शिगेला असतो तेव्हाच आपण पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज बांधतो.

बाराने भागू नका

आता पत्रकावरचे दर घेऊन बसू. काउंटरवर हिशेब असा मांडला जातो: बारा हजार भागिले बारा, महिना हजार. तो बरोबर आहे, तुम्ही बाराही महिने जाणार असाल तर.

महिना-महिना भरलं तर पाचव्या महिन्यात तुमचे साडेबारा हजार होतात. म्हणजे चार महिन्यांत कंटाळणाऱ्याला मासिक दर स्वस्त, पाचव्यापासून वार्षिक स्वस्त. तिमाहीशी ताडून पाहा. दोन तिमाहींचे बारा हजार, आणि वर्षाचेही बारा हजार. म्हणजे सातवा महिना उजाडेपर्यंत वार्षिक फी भरणाऱ्याचा एक रुपयाही वाचलेला नसतो. सहामाहीशी तुलना केली तर वरच्या तीन हजारांत पुढचे सहा महिने मिळतात. ते स्वस्त आहेत यात शंका नाही, पण तुमची हजेरी सर्वांत बेभरवशाची असते तीही त्याच सहा महिन्यांत.

पत्रकावर न छापलेला एक पर्यायही आहे. आधी एक महिन्याचे अडीच हजार भरायचे. महिनाभर जायचं. पाय खरंच वळले तर मग वर्षाची फी भरायची. एकूण साडेचौदा हजार आणि तेरा महिने, म्हणजे महिन्याला सुमारे १,११५ रुपये. थेट वार्षिक फी भरणाऱ्यापेक्षा महिन्यामागे फक्त ११५ रुपये जास्त. आणि पहिल्या महिन्यातच हात टेकले तर नुकसान बारा हजारांऐवजी अडीच हजारांचं. तीन महिने आजमावून मग वर्ष घेतलं तर पंधरा महिन्यांचे अठरा हजार, महिना १,२०० रुपये. पहिल्यांदाच जिममध्ये पाऊल टाकणाऱ्याने याहून वेगळं काही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा पर्याय बंद पाडण्यासाठीच 'ऑफर आजच्या दिवसापुरती' असते. "सर, उद्या आलात तर मलाही सिस्टीममध्ये हा रेट टाकता येणार नाही," असं तो मुलगा अगदी कळवळून सांगतो. त्याचं महिन्याचं टार्गेट खरं असतं, त्यामुळे कळवळाही खरा असतो. पण महिनाअखेरीला तेच टार्गेट तुमच्या बाजूने काम करतं. तीस तारखेला संध्याकाळी फोन करून पाहा. संपलेली ऑफर बहुतेक वेळा पुन्हा सापडते.

'बारावर तीन महिने मोफत' हा त्याच हिशेबाचा दुसरा अवतार. मोफत महिने नेहमी शेवटाला जोडले जातात, तेरावा, चौदावा, पंधरावा. तिथवर टिकणाऱ्याला ते खरोखर मोफत आहेत. बाकीच्यांसाठी मालकाचा त्यात छदामही जात नाही. भागाकार करताना त्यांना धरू नका. घासाघीस करायचीच तर मोफत महिन्यांऐवजी फ्रीझचे दिवस वाढवून मागा.

करही पाहा. जिमच्या सेवेवर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, मात्र जिमला तिच्या खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. बारा हजारांवर कर होतो सहाशे रुपये. कोणी जुन्या सवयीने २,१६० रुपये लावत असेल तर बिल मागून बोट ठेवा.

फॉर्मची मागची बाजू

मेंबरशिप फॉर्मच्या पुढच्या बाजूला नाव, वजन, उंची, 'तुमचं ध्येय' वगैरे असतं. मागची बाजू राखाडी, बारीक अक्षरांत. सही दोन्हींखाली असते. त्यातल्या जखमेबद्दलच्या आणि फोटोंबद्दलच्या अटी सगळीकडे सारख्याच असतात, त्या वाचून पुढे जा. थांबायचं ते फ्रीझच्या कलमाशी.

साधारण भाषा अशी असते: सभासदाला वर्षातून एकदा, किमान पंधरा आणि कमाल तीस दिवस, सात दिवसांच्या लेखी पूर्वसूचनेने मेंबरशिप फ्रीझ करता येईल. वाचायला उदार वाटतं. आता त्यात आपलं वर्ष बसवून पाहा. आठवडाभराचा ताप? पंधरा दिवसांपेक्षा कमी, धरला जाणार नाही. मुलांच्या परीक्षेचे वीस दिवस धरले जातील, पण मग 'वर्षातून एकदा' संपलं आणि गणपतीत गावी गेलात ते दिवस बुडाले. पाय मोडला तर दोन महिने प्लास्टर, फ्रीझ मात्र तीस दिवस. शिवाय सात दिवसांची पूर्वसूचना देऊन कोणाचा पाय मोडत नाही. म्हणून वैद्यकीय कारणासाठी वेगळी तरतूद आहे का, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मागच्या तारखेपासून दिवस मिळतात का, गरोदरपणात काय, हे विचारा. हो म्हणाले तर ते फॉर्मवर हाताने लिहून शिक्का घ्या. तोंडी 'हो सर, ॲडजस्ट करू' म्हणणारा मुलगा सहा महिन्यांनी दुसऱ्या जिममध्ये असतो. या धंद्यात माणसं फार टिकत नाहीत.

दुसरं कलम ट्रान्सफरचं. बदली झाली, घर बदललं, तर उरलेले महिने दुसऱ्याला देता येतील, फी अमुक. इथे तीन खाचा असतात. घेणारा नवाच माणूस हवा, जुना सभासद चालत नाही. ठरावीक महिने शिल्लक असतील तरच ट्रान्सफर होते. आणि तुमच्याकडून विकत घेणाऱ्याला काउंटरवर तशीच सवलत मिळत असते, त्यामुळे तुम्हाला त्याहून खाली यावं लागतं. ट्रान्सफर फी वजा केली की हातात फार थोडं उरतं. अनेक शाखा असलेल्या जिममध्ये दुसऱ्या शाखेत जाण्याची मुभा यापेक्षा कितीतरी कामाची.

मुदत कधी सुरू होते, हेही पाहा. दिवाळीच्या ऑफरमध्ये पैसे भरले आणि जायला लागलात जानेवारीत, तर काही जिम भरल्याच्या तारखेपासून मोजतात, काही पहिल्या हजेरीपासून. दोन महिन्यांचा फरक पडतो. सर्वांत स्वस्त दर अनेकदा दुपारी अकरा ते चारचाच असतो. सेवानिवृत्तांना तो उत्तम, नोकरदाराला निरुपयोगी.

फीमध्ये न येणारा एक खर्च असतो पर्सनल ट्रेनरचा, जिमच्या बोलीत 'पीटी'. पहिली एक-दोन सत्रं मोफत मिळतात. त्यानंतर फ्लोअरवरचा ट्रेनर यंत्र दाखवतो आणि सरकतो. एकट्याने धड जमत नाही, मग पीटीची गोष्ट निघते आणि तिची महिन्याची फी मेंबरशिपच्या काही पट असते. स्वस्त मेंबरशिप हे बऱ्याच जिमसाठी पीटीच्या गिऱ्हाइकाला आत आणण्याचं दार आहे. नवशिक्याला पीटीशिवाय किती शिकवलं जाईल, याचं उत्तर आधी मिळवा.

आणि 'व्यवस्थापनाला वेळा, बॅच व सुविधांत बदल करण्याचा अधिकार राहील' या वाक्याकडे पाहून खांदे उडवू नका. तुम्ही झुंबासाठी किंवा सकाळच्या योगाच्या बॅचसाठी पैसे भरत असाल तर ती बॅच बंद झाल्यास काय, हे इथेच ठरतं.

> चौकट: सही करण्याआधी
>
> आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता जाऊन या. जिमवाले बोलावतात दुपारी बाराला, तेव्हा हॉल रिकामा असतो. एका बेंचसाठी किती जण थांबलेत आणि किती ट्रेडमिलवर 'बंद आहे'चा कागद आहे, ते मोजा.
>
> गेल्या तीन महिन्यांत तुम्ही आठवड्यातून किती दिवस कुठलाही व्यायाम केला? पुढच्या वर्षाचा अंदाज त्या आकड्यावरून बांधा, इच्छेवरून नको.
>
> जिम घर-ऑफिसच्या वाटेवर आहे की वाट वाकडी करावी लागते?
>
> फ्रीझचे दिवस, ट्रान्सफर फी, मुदतीची सुरुवात आणि रिफंड, या चार गोष्टी लेखी आहेत का?
>
> जागेचा भाडेकरार तुमच्या मेंबरशिपच्या आधी संपत नाही ना? विचारायला संकोच वाटतो, पण उत्तर देतानाचा चेहरा बरंच सांगतो.

हप्त्यांची गोम

बारा हजार एकदम नाहीत म्हणालात तर 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे येतो. ऐकायला हे मासिक फीसारखं वाटतं, महिना हजार रुपये. प्रत्यक्षात दोन्हींत काडीचंही साम्य नाही. ईएमआयमध्ये बँक किंवा वित्तकंपनी तुमच्या वतीने जिमला जवळपास सगळे पैसे पहिल्याच दिवशी देते. व्याजाचा भार जिम सवलत म्हणून सोसते, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. क्रेडिट कार्डावर व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी अनेकदा तुमच्याच बिलात येते. त्या क्षणापासून तुम्ही जिमचे सभासद आणि वित्तकंपनीचे कर्जदार असता, आणि ही दोन नाती वेगळी असतात. तिसऱ्या महिन्यात जाणं सोडलंत, हप्ता चालू. चौथ्या महिन्यात जिमला टाळं लागलं, तरी हप्ता चालूच. तो थकवला तर क्रेडिट स्कोअर तुमचा बिघडतो. हप्ते भरण्यापेक्षा तिमाही फी भरणं कधीही बरं.

यूपीआय ऑटोपे ही वेगळी चीज. यात कर्ज नसतं, दर महिन्याची फी खात्यातून आपोआप जाते. वर सांगितलेला अमेरिकी सापळा आपल्याकडे येतो तो या वाटेने. फरक असा की, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि मँडेट, म्हणजे पैसे कापण्याची आपण दिलेली परवानगी, आपल्याच यूपीआय ॲपमधून रद्द करता येतं, जिमच्या पाया पडावं लागत नाही. ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ते काम दोन मिनिटांत होतं. मात्र मँडेट रद्द करणं म्हणजे करार रद्द करणं नव्हे. बारा महिन्यांच्या करारावर सही असेल तर उरलेली रक्कम जिम मागू शकते.

जिमने हात वर केले तर

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या जिम बंद झाल्या त्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर २०२० ला, पुन्हा उघडल्या. सात महिने. अनेकांनी सभासदांची मुदत तेवढी वाढवून दिली, काहींचं शटर परत वर गेलंच नाही. आगाऊ फी भरलेला सभासद हा विनातारण उधार देणारा असतो, हे तेव्हा पुष्कळांना कळलं.

'फी परत मिळणार नाही' असा बोर्ड लावला म्हणून कायदा गप्प बसत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवा बंद करून बिलात दिलेल्या मुदतीत, ती नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कराराचा भंग झाल्यास नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारं किंवा एका बाजूला वाजवी कारणाशिवाय करार संपवू देणारं कलम 'अन्याय्य करार' या व्याख्येत येऊ शकतं. पण कलमच अन्याय्य ठरवून घ्यायचं तर तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्हा आयोगाकडे नाही. म्हणून दहा-बारा हजारांच्या प्रकरणात सदोष सेवा आणि अनुचित प्रथा हेच मुद्दे धरून जिल्हा आयोगात जाणं व्यवहार्य. ॲप किंवा संकेतस्थळावर मेंबरशिप घेतली असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही कामी येतात. त्यांत पडद्यावरच्या फसव्या रचनेचे तेरा प्रकार सांगितले आहेत. 'फक्त दहा मिनिटं शिल्लक' अशी खोटी घाई, शेवटच्या पानावर वाढणारी किंमत आणि रद्द करण्याचं बटण दडवणं, हे तिन्ही त्यात आहेत. काउंटरवर तोंडाने लावलेली घाई मात्र त्यांच्या कक्षेत येत नाही.

कायद्याकडून अवास्तव अपेक्षाही नको. जिम चालू आहे, यंत्रं ठीक आहेत आणि तुम्हालाच कंटाळा आला, तर सेवेत खोट कुठली दाखवणार? जिम बंद पडली, दूरच्या शाखेत ढकललं, जाहिरातीतला पोहण्याचा तलाव कधी सुरूच झाला नाही, अशा वेळी बाजू भक्कम असते.

सुरुवात जिमला लेखी पत्र किंवा ईमेल पाठवून करावी. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे अनेक वादांत आयोगाची पायरी चढावी लागत नाही. चढावी लागलीच तर आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, जिमचं मुख्य कार्यालय दिल्लीत असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं.

या सगळ्यासाठी हातात हवी ती पावती, जीएसटी क्रमांकासह. पैसे यूपीआयने देताना पडद्यावर कोणाचं नाव येतं, तेही बघा. जिमच्या नावाऐवजी मॅनेजरचं स्वतःचं नाव दिसलं तर पिन टाकू नका, जिमच्या खात्याचा क्यूआर मागा.